हलत्या काट्याची गाडी: शिकागो ते बॉथेल

नानांचा फोन आला तेव्हा मी शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात मेथी निवडून घेत होते. तीन वर्षांत त्यांचा हा दुसराच फोन. पहिला त्यांनी सासूबाई गेल्याचं सांगायला केला होता. 'सासूबाई' लिहिताना हात थांबतो, कारण त्या गेल्या तेव्हा मी त्यांची सून राहिले नव्हते. समीरचा आणि माझा घटस्फोट त्याआधीच झाला होता. त्यानंतर समीर सिॲटलजवळ बॉथेलला गेला आणि त्याने पुन्हा लग्न केलं. मी ॲन आर्बर सोडून शिकागोला आले. समीरचे वडील नाना ॲन आर्बरच्याच घरात राहिले, आधी सासूबाईंबरोबर आणि मग एकटे.

(नावं बदलली आहेत. समीरला मराठी वाचता येत नाही आणि नाना कॉम्प्युटरवर फक्त हवामान बघतात, म्हणून हे लिहायचा धीर होतोय.)

फोनवर त्यांनी माझी खुशाली विचारली नाही. घर विकल्याचं सांगितलं. सामान ट्रकने पुढे गेलं होतं आणि आता ते स्वतः समीरकडे राहायला निघाले होते, कायमचे. मग म्हणाले, "गाडी तेवढी राहिलीये. तू चालवशील का?"

ही गाडी म्हणजे एकाहत्तर सालची, दोन दारांची, गडद हिरवी युरोपियन गाडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कॉमेंटमध्ये सगळे गाडीवरच बोलतील. नानांनी ती विद्यार्थी असताना जुनीच घेतली होती आणि नंतर आयुष्यभर तिची देखभाल स्वतः केली. ते मेकॅनिकल इंजिनिअर. दुसऱ्या कोणाला त्यांनी बॉनेट उघडू दिलं नसेल. समीरचं म्हणणं होतं की विकून टाका, नाहीतर ट्रेलरवर चढवून पाठवा. नानांना दोन्ही नको होतं. स्वतः चालवत न्यावं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं. आणि हाताने गिअर टाकायची गाडी चालवता येणारं त्यांच्या ओळखीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मीही ती नागपूरहून लग्न करून आल्यावर त्यांच्याकडूनच, याच गाडीवर शिकले होते.

मी हो म्हटलं. माझी सुट्टी शिल्लक होती आणि ऑक्टोबरमध्ये आय-नव्वद हायवेवरून पश्चिमेला जायचं बरीच वर्षं मनात होतं, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

ॲन आर्बर ते शिकागो मात्र ते एकटेच आले, हायवे टाळून, जुन्या बारा नंबरच्या रस्त्याने, मध्ये एक मुक्काम करून. डेव्हनवर पार्किंग मिळेना म्हणून त्यांनी मागच्या गल्लीत गाडी लावली होती. मी पोचले तेव्हा ते गाडीजवळ नव्हते. थोड्या वेळाने गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून चालत आले. बरेच वाळले होते. स्वेटर खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, सहज पाय मोकळे करत होतो.

मला एक अडचण होती, ती पहिल्याच मिनिटाला समोर आली. यांना हाक काय मारायची? लग्नानंतर मी त्यांना 'बाबा' म्हणायचे. आता ते तोंडातून येईना. 'काका' म्हणावं तर इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून ते खोटं वाटे. म्हणून मी हाकच मारणं टाळलं. "चहा घेताय ना?" "बसताय का पुढे?" अशी वाक्यं करत राहिले. संपूर्ण प्रवासात एखाद्या माणसाला हाक न मारता बोलणं किती अवघड असतं ते करून बघा.

निघाल्यावर तासाभरातच, विस्कॉन्सिनच्या हद्दीत शिरताना, मला स्पीडोमीटरचा काटा दिसला. म्हणजे दिसत आधीपासून होता, पण शहरात तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मी एकाच वेगाने गाडी चालवत होते आणि काटा चाळीस ते पासष्टच्या मध्ये हेलकावे खात होता. कधी क्षणभर थांबायचा, मग टकटक आवाज करत परत उसळायचा.

"कधीपासून असं आहे?" मी विचारलं.

नाना म्हणाले की थोडा तर वीस वर्षं हलतोय. समीर सोळा वर्षांचा असताना त्याने स्वतः गाडीत स्टिरिओ बसवला, तेव्हा डॅशबोर्डमागे काहीतरी दाबलं गेलं असावं. यंदा मात्र फार वाढलंय. समीरला हे कधी सांगितलं का, असं मी विचारलं नाही. सांगितलं नसणारच.

जुन्या गाडीने लांब जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं लिहिते. फोनवर वेग दाखवणारं ॲप टाकून तो डॅशबोर्डवर चिकटवा, म्हणजे पोलिसांची भीती नाही. मी तसंच केलं. नानांना ते आवडलं नाही. दुसरं, अशी गाडी पंचावन्न-साठच्या वर दामटू नका आणि उजवी लेन सोडू नका. ट्रकवाले मागून येऊन चिडतात, चिडू द्यायचं. पेट्रोल दर दीडशे मैलांनी भरायचं, कारण साउथ डकोटात पंप लांब लांब आहेत आणि जुन्या गाडीच्या टाकीच्या काट्यावरही विश्वास ठेवता येत नाही.

पहिला दिवस आम्ही जवळजवळ न बोलता काढला. विस्कॉन्सिनमध्ये पानं गळून गेली होती. मक्याची शेतं कापलेली, आकाश राखाडी आणि सारखी बुरबुर. काच पुसणारे वायपर एका बाजूला अर्धवट जायचे. गाडीत विषय काढावा तर प्रत्येक विषय कुठून तरी फिरून समीरपाशी नाहीतर सासूबाईंपाशी येणार, हे दोघांनाही माहीत होतं. त्यामुळे दुपारी नानांनी जेव्हा विचारलं की मैल मोजणारा आकडा बरोबर चाललाय का, तेव्हा मला बरं वाटलं.

त्यांनी मला ते समजावून सांगितलं. गिअरबॉक्सपासून एक लांब तार निघते, ती एका नळीतून डॅशबोर्डमागे येते आणि चाकांबरोबर फिरत राहते. तीच तार वेगाचा काटा हलवते आणि तीच मैलांचा आकडा पुढे सरकवते. दोन्ही चुकत असतील तर दोष खाली गिअरमध्ये. आकडा बरोबर आणि काटाच नाचत असेल, तर दोष तारेत नाहीतर मीटरमध्ये. मग आम्ही रस्त्याकडेचे मैलांचे फलक मोजत गेलो. नाना एका डोळ्याने फलक वाचायचे, मी आकडा वाचायचे. दहा मैलांना आकडा बरोब्बर दहाने पुढे गेला.

"म्हणजे गिअर शाबूत आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा उघडला होता. मिसिसिपी ओलांडायच्या आधी ला क्रॉसला मुक्काम केला. मोटेल साधं, ऐंशी-नव्वद डॉलरमधलं. दोन खोल्या घेतल्या. काउंटरवरच्या बाईने ॲन्ड युअर डॅड, असं काहीतरी म्हणत दुसरी चावी पुढे केली. ती घेऊन मी नानांच्या हातात दिली.

मी छोटा इलेक्ट्रिक कुकर बरोबर ठेवते. मोटेलमध्ये मुगाची खिचडी केली, डेव्हनहून घेतलेलं लिंबाचं लोणचं उघडलं. नानांनी थोडीशी खाल्ली. सासूबाईंच्या हाताला ही चव होती असं ते म्हणतील अशी मला भीती वाटत होती. त्यांनी नुसतं ताट स्वतः धुऊन ठेवलं.

मिनेसोटा सपाट आहे, एवढंच सांगते. वारा मात्र सतत बाजूने धडकत असतो आणि हलकी गाडी लेनमधून सरकते, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावे लागतात. सकाळच्या थंडीत काटा जास्त उसळायचा आणि दुपारी इंजिन, गाडी सगळं गरम झालं की जरा शांत व्हायचा. नाना हे सगळं लक्षात ठेवत होते. थंडीत जास्त म्हणजे नळीतलं जुनं ग्रीस घट्ट झालंय. पण नुसतं ग्रीस असतं तर काटा जड झाला असता, असा उसळला नसता. टकटक आवाज येतो म्हणजे तार फिरताना कुठेतरी अडकते आणि सुटते. त्यांचं असं एकेक चालू असायचं, आणि मी ऐकत असायचे. खरं सांगायचं तर मला त्यात रस वाटायला लागला होता. पाच वर्षं एका घरात राहून या माणसाशी मी एवढं बोलले नव्हते. तेव्हा मधे नेहमी समीर असायचा, नाहीतर टीव्ही.

साउथ डकोटात मिझूरी नदीच्या काठावर, चेंबरलेनला थांबलो. नदी रुंद, पाण्याचा रंग शिशासारखा. काठावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. नाना बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले आणि मग सासूबाईंबद्दल बोलले, या प्रवासात पहिल्यांदा. शेवटच्या महिन्यात त्या समीरला आणि मला एकत्रच हाक मारायच्या म्हणे. घटस्फोट झालाय हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही. "मी सुधारायचो आधी," नाना म्हणाले. "नंतर सोडून दिलं." सासूबाईंचा अंत्यविधी मी शिकागोत लॅपटॉपवर बघितला होता. तिथे जायला हवं होतं की नको, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं.

बॅडलँड्स बघायचेच असतील तर उन्हात बघा. आम्हाला ढग आणि भुरभुर बर्फ मिळालं. रंगीत म्हणतात ते सुळके आम्हाला चिखलाच्या रंगाचे दिसले. पार्कमधल्या वळणावळणाच्या रस्त्यावर वेग कमी असल्यामुळे काट्याचा खेळ मात्र नीट दिसला. वीसच्या आसपास तो अक्षरशः उड्या मारत होता.

त्या संध्याकाळी वॉल गावातल्या मोटेलसमोर नानांनी तार बाहेर काढायचं ठरवलं. त्यांना आता डॅशबोर्डखाली वाकवत नाही. म्हणून मी सीटवर आडवी होऊन, डोकं पेडलपाशी घालून, मीटरच्या मागे हात घातला आणि ते बाहेरून टॉर्च धरून सांगत राहिले. मीटरमागची गोल कडी बोटांनी फिरवून सोडवली, नळी मोकळी झाली. मग आतली तार हळूहळू ओढून काढली. काळी, चिकट, माझ्या उंचीपेक्षा लांब.

खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही ती पुसली. नानांनी ती टेबलावर सरळ ठेवून तळव्याने लाटण्यासारखी फिरवायला सांगितली. सगळी तार गुळगुळीत फिरत होती, पण वरच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक जागा प्रत्येक फेरीला टेबलावरून उडी मारत होती. बोटाने चाचपलं तर तिथे किंचितसा वाक लागला.

"हाच," नाना म्हणाले. "स्टिरिओपाशीच नळी दाबली गेलीये. तिथेच तार फिरून फिरून वाकली."

मी विचारलं की सरळ करता येईल का. ते म्हणाले, एकदा वाकलेली तार वरून सरळ दिसली तरी फिरताना तशीच उडते. नवी घालणं एवढाच उपाय. तोवर साफ करून, नवं ग्रीस लावून चालवू. ग्रीस फक्त खालच्या भागाला लावायचं, वरच्या टोकाला नाही, नाहीतर ते चढत चढत मीटरमध्ये जातं आणि तो कायमचा बिघडतो. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी रॅपिड सिटीत मी त्या तारेसाठी सकाळपासून दुपारपर्यंत फिरले. तीन दुकानं पालथी घातली. कुठेच नाही. एका दुकानातल्या माणसाने मापाची दुसरी तार दाखवली, तिचं टोक वेगळं होतं. ऑनलाइन मागवली तर चार-पाच दिवस. नाना गाडीत बसून होते. मी रिकाम्या हातांनी आले की मान हलवायचे. मला वाईट वाटायचं की एवढं शोधूनही मिळत नाही. त्यात आमचा अर्धा दिवस गेला आणि वायोमिंगमध्ये जेमतेम जिलेटपर्यंत पोचलो. समीरचा मेसेज आला: एनी अपडेट? डॅड ओके? मी लिहिलं, एक दिवस उशीर होईल.

मोंटॅना सुंदर आहे हे खरं. पण मी तिथे सुंदर काही बघितलं असं म्हणता येणार नाही. लिव्हिंग्स्टनला मुक्काम केला, आणि तिथल्या वाऱ्याबद्दल लोक जे सांगतात ते कमीच सांगतात. दार उघडलं की हातातून निसटतं. सकाळी बघितलं तर मागच्या एका चाकात हवा कमी होती. पायाने हवा भरायचा पंप डिकीत, स्टेपनीच्या बाजूला असतो, हे मला पूर्वीपासून माहीत होतं. मी डिकीतली गादी उचलली. पंपाशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात गुंडाळी करून ठेवलेली एक नवीकोरी तार होती. पाकिटावर ॲन आर्बरचा पत्ता आणि उन्हाळ्यातली तारीख.

मी ती उचलून हातात घेतली. रॅपिड सिटीची ती दुकानं डोळ्यांसमोर आली. मला राग आला. नाना खोलीतून मफलर गुंडाळत बाहेर आले, त्यांनी माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि जागीच थांबले.

"माहीत होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"हो."

"मला दुकानांतून फिरवलंत."

ते खाली बघत म्हणाले, "तेव्हा सांगायला हवं होतं. जमलं नाही." मग मफलर सारखा करत, "तासाभराचं काम आहे गं हे. शिकागोतच झालं असतं. मग एवढ्या रस्त्यात आपण काय बोललो असतो?"

समोर एक डायनर, म्हणजे रस्त्याकडेचं छोटं हॉटेल होतं, तिथे जाऊन बसलो. अंडी आणि टोस्ट मागवले, ते तसेच राहिले. कॉफी मात्र दोघांनी घेतली. काचेबाहेर वाऱ्याने कचऱ्याचा डबा पार्किंगभर फिरत होता. तिथे नानांनी मला ते विचारलं, ज्यासाठी बहुधा ही सगळी लांबण होती.

डेव्हनच्या मागच्या गल्लीत, जिथे त्यांनी गाडी लावली होती, एका घरात मागची एक खोली भाड्याने द्यायची होती. त्या दिवशी ते तीच बघून आले होते. स्वयंपाकाची सोय होती, बस जवळ, वाणी जवळ. बॉथेलला त्यांना तळघरातली खोली मिळणार होती आणि आजूबाजूला चालत जाण्यासारखं काही नव्हतं. समीर आणि त्याची बायको रिया दोघंही दिवसभर कामावर. दोघंही चांगली होती, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"तुला काही करावं लागणार नाही," ते म्हणाले. "माझी औषधं, जेवण, सगळं मी बघतो. फक्त गावात ओळखीचं कोणीतरी असावं. आठवड्यातून एकदा तू येऊन गेलीस तरी पुष्कळ झालं. आपण इथूनही वळू शकतो."

त्यांनी हे असं सांगितलं जणू रस्ताच विचारतायत. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. नखांमध्ये अजून तारेचं काळं होतं, माझ्याही होतं.

मी हो म्हणू शकले असते. ते इथे लिहिताना मी स्वतःला चांगलं किंवा वाईट ठरवत नाहीये. पण त्या टेबलाशी बसून मला पुढचं सगळं दिसत होतं. समीरला फोन करून सांगणं. त्याला वाटणार की मी मुद्दाम केलं. नाना आजारी पडले तर हॉस्पिटलमध्ये तुम्ही यांच्या कोण, असं विचारतील, तेव्हा मी काय सांगणार होते? आठवड्यातून एकदाचं दोनदा होणार, मग रोज, आणि त्या घरातून बाहेर पडायला मला जी तीन वर्षं लागली ती पुसून जाणार. माझी स्वतःची आई नागपुरात एकटी आहे, तिला मी इथे आणू शकलेले नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं. "मला नाही जमणार."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी त्यांना हाक मारली होती. त्यांनाही कळलं. त्यांनी मान हलवली, दोनदा, जसं एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर हलवतात. मग नॅपकिनने मिशीवरची कॉफी पुसली आणि म्हणाले, "चल, तार घालून टाकू."

मोटेलच्या भिंतीच्या आडोशाला गाडी घेतली. मी पुन्हा पेडलपाशी डोकं घातलं. आधी नळी जिथे दाबली गेली होती तिथली पट्टी सोडवून नळीला मोठं वळण दिलं. मग नवी तार वरून घातली, इंचाइंचाने, फिरवत फिरवत, कारण तिचं चौकोनी टोक खाली गिअरबॉक्समधल्या चौकोनी खाचेत बसलं पाहिजे. पहिल्यांदा बसलं नाही. नाना म्हणाले, घाई करू नकोस, अर्धा फेरा मागे घे. घेतला. मग आत काहीतरी टक झालं आणि तार पुढे जायची थांबली. गोल कडी घट्ट केली. एवढंच.

हायवेला लागलो. काटा पंचावन्नवर जाऊन उभा राहिला तो हलला नाही. फोनवरच्या ॲपनेही पंचावन्नच दाखवले. मी फोन काढून पर्समध्ये ठेवला. नाना काट्याकडे थोडा वेळ बघत होते, मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. ब्यूटच्या घाटात बर्फ लागलं, मिझूलाला मुक्काम झाला, आयडाहोच्या चढांवर ट्रकांच्या मागे रांगेत जावं लागलं, हे सगळं झालं. पण सांगण्यासारखं आमच्यात काही बोलणं झालं नाही. मुलाखत संपल्यावर दोन माणसं लिफ्टमध्ये असतात, तसं.

वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग कोरडा, तपकिरी. व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडताना पुलावर वारा सांभाळा. स्नोक्वाल्मी घाटात पाऊस सुरू झाला तो बॉथेलपर्यंत. गाडीच्या दारातून पाणी आत झिरपत होतं, नानांनी पायाशी टॉवेल अंथरला.

समीरचं घर नव्या वस्तीतलं, एकसारख्या घरांमधलं एक. समीर छत्री घेऊन बाहेर आला. थोडा जाड झालाय. त्याने वडिलांना मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "थँक्स फॉर डुइंग धिस. सिरियसली." मी म्हटलं, काही नाही. रिया इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण बोलत नाही. तिने व्हिडिओ बघून पोहे केले होते आणि ते खरंच चांगले झाले होते. नानांची खोली तिने दाखवली. कोरडी, उबदार, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलेला, खिडकी छताजवळ. तिच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. ते बघून मला मोकळं वाटायला हवं होतं.

नानांनी समीरच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, स्पीडोमीटर आता नीट आहे. समीर म्हणाला, "कूल," आणि किल्ली बाकीच्या किल्ल्यांबरोबर भिंतीवरच्या हुकला लावली. त्याला ती गाडी चालवता येत नाही. स्टिरिओचं नानांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

कॅब आली तेव्हा नाना पावसात रस्त्यापर्यंत आले. पोचलीस की फोन कर, एवढं म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. लग्नात करतात तसा नाही, घाईघाईत, पाठीवर बॅग असताना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

विमानाने आम्ही कित्येक दिवस कापलेलं अंतर चार तासांत मागे टाकलं. खाली सगळे ढगच होते, जमीन दिसली नाही.

तुम्ही हा प्रवास करावा का, असं विचाराल तर करा, पण सप्टेंबरमध्ये करा, हीटर तपासून घ्या आणि डिकीत काय काय आहे ते निघण्याआधी बघा. मला त्या डायनरमधल्या उत्तराचा पश्चात्ताप आहे का? नाही. आजही तेच उत्तर देईन. पण ते उत्तर दिल्यापासून मी त्यांना दर रविवारी 'बाबा' म्हणून फोन करते आणि ते दर रविवारी पहिल्याच रिंगला फोन उचलतात. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं, मला अजून कळलेलं नाही.

डिसेंबरमध्ये एकदा डेव्हनला सामान आणायला गेले होते, तेव्हा पाय मागच्या गल्लीत वळले. घर लगेच सापडलं. मालकीणबाई हैदराबादच्या, पायऱ्यांवरचं बर्फ ओढत होत्या. मी खोलीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, गेल्या आठवड्यात गेली, एका विद्यार्थ्याने घेतली. मग म्हणाल्या, "एक अंकल सिॲटल से बार बार फोन करते थे, कमरा खाली है क्या. उनको भी बता दिया."

त्या रविवारी मी फोन केला. नानांनी तिथल्या पावसाचं सांगितलं, रियाने त्यांच्या खिडकीला नवा पडदा लावल्याचं सांगितलं. गाडीवर कव्हर घातलंय म्हणाले. मग विचारलं, "डेव्हनला जातेस का गं अजून?"

"जाते, बाबा."

"थंडी असेल."

"हो. बर्फ आहे सगळीकडे."

"जपून चालत जा," ते म्हणाले. त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.